चारदा वाचलेलं पान

१४ जुलै, सोमवार
यशूचा कागद मिळाला एकदाचा. सरकारी इस्पितळात पाच खेपा झाल्या. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "ताई, बुद्धीत काही कमी नाही. वाचताना अक्षरं तिच्यासाठी जागेवर राहत नाहीत, आणि लक्षही एका ठिकाणी फार वेळ बसत नाही. हा आळस नाही." आळस नाही, हे दोनदा म्हणाल्या. मी मान खाली घातली. पहिलीपासून आळशी म्हणूनच मारलंय मी तिला.
दहावीला बोर्डाकडून वेळ जास्त मिळतो. लेखनिक पण मिळतो, म्हणजे ही तोंडानं सांगणार आणि खालच्या वर्गातली मुलगी लिहिणार. शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत. फॉर्म शाळेतून जातो. आईवडील दोघांच्या सह्या लागतात, ३० सप्टेंबरच्या आत.
येताना यशू बसमध्ये छत्री विसरली. यंदाची दुसरी.

१५ जुलै
यशूच्या पप्पांनी फॉर्म वाचला. जेवण थांबवून, सगळा. मग घडी घालून परत माझ्या हातात.
"सवलत," म्हणाले. "ऑफिसात सत्तावीस वर्षं हाच शब्द ऐकतोय. बढती मिळाली तरी सवलत, रजा मिळाली तरी सवलत. पोरीच्या नावापुढं आता आणखी एक शिक्का नको मला."
डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगायला गेले. नीट जमलं नाही.
"आणि तिला वाचता येत नाही असं कोण म्हणतं? मागच्या वर्षी विहारात कोणी वाचलं?"
मी भात वाढायला घेतला. कोणी वाचलं ते मलाच माहीत.

२० जुलै, रविवार
विहारात वर्षावासाचं, पावसाळ्यातले तीन महिने चालणारं ग्रंथवाचन सुरू झालं. दर रविवारी एका घरानं एक पान मोठ्यानं वाचायचं. आमचा रविवार ३ ऑगस्ट. गुरुजींनी नाव विचारलं तर पप्पांनी लगेच यशूचं दिलं. गुरुजी खूश. "मागच्या वेळी काय खणखणीत वाचलंन पोरीनं." यशूनं माझ्याकडे पाहिलं.
इथं लिहून ठेवते. ही किराण्याची वही, मागची पानं कोण बघतंय.
मागच्या वर्षी तिनं वाचलं नव्हतं. आदल्या आठवड्यात ते पान मीच तिला वाचून दाखवलं, ती कणीक मळत असताना. हात कामात असले की तिचं डोकं थांबतं. चारदा वाचलं. चौथ्या वेळी तिनंच मला म्हणून दाखवलं. विहारात पुस्तक हातात धरून उभी राहिली आणि पाठ म्हणाली. बायकांनी गालावरून हात फिरवले. पप्पा आठवडाभर चाळीत ताठ चालत होते. त्यांचा तसा चेहरा मी लग्नात पण पाहिला नव्हता. मग कसं सांगणार होते मी.

३१ जुलै
वाल सोलायला बसवलं तिला. मी वाचलं. पहिल्या वाचनाला उठली तीनदा. पाणी प्यायला, मांजर बघायला, काही नाही असंच. ओरडले नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, उठू द्या, परत बसते का ते बघा. बसली.
चौथ्या वेळी मी एक शब्द चुकले. म्हणते, "आई, मघाशी करुणा म्हणालीस, आता दया म्हणालीस." बघितलं तर करुणाच होतं. माझाच चष्मा.

३ ऑगस्ट, रविवार
पार पडलं. एकदाही अडखळली नाही. फक्त पान उलटायचं विसरली. अर्धा मजकूर मागच्या बाजूला होता, आणि ही त्याच बाजूवर बोट ठेवून शेवटपर्यंत. शेजारच्या मावशींनी पाहिलं असावं.
पप्पांनी येताना जिलेबी आणली. यशूला म्हणाले, "आता तो फॉर्म फाडून टाकायला सांग तुझ्या आईला." ती हसली. एकच जिलेबी खाल्ली तिनं. एरवी चार खाते.
फॉर्म मी बाबासाहेबांच्या तसबिरीमागं ठेवलाय.

६ ऑगस्ट
सकाळी वंदनेत चौथं शील म्हणताना जीभ अडकली. खोटं न बोलण्याचं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच.

२२ ऑगस्ट
चाचणीत इतिहासाला वीसपैकी सात. आदल्या दिवशी तोच धडा गॅलरीत फेऱ्या मारत मला सगळा सांगितला होता, सनावळीसकट.
परब बाईंनी शाळेत बोलावलं. त्या तिच्या वर्गशिक्षिका. म्हणाल्या, "तोंडी विचारलं तर वर्गात पहिली. पेपर हातात दिला की गेली. फॉर्म कुठाय, वहिनी?"
बोलले, घरी जरा चाललंय.
"मग तोवर तुम्ही लेखनिक व्हा तिच्या. सांगून लिहून घ्यायची पण सवय लागते. ती बोलेल तेवढंच लिहायचं, तुमच्या पदरचं एक अक्षर नको. मी माझ्याकडून नववीतल्या सायलीला विचारून ठेवते."

२८ ऑगस्ट
लालबागच्या बाजूनं दिवसभर ढोल. यशू दर पाच मिनिटांनी खिडकीत. तरी एक प्रश्न पुरा केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहिलं. वाक्य अर्धवट वाटलं म्हणून जरा पुरं केलं, खाली दोन ओळी भर घातली. माझंही दहावीपर्यंतचं आठवतं थोडं.
म्हणते, "वाचून दाखव." दाखवलं.
"हे मी नाही बोलले."
"बरोबर आहे ना पण?"
"बरोबर आहे. पण तुझं आहे. परीक्षा माझी आहे." मग गॅलरीत गेली, तिथूनच म्हणाली, "विहारात पण तूच वाचतेस, आई. मी नुसती उभी असते."
भाजी लागली खाली.

३० ऑगस्ट
तिची वेणी घालताना विचारलं, पप्पांना सांगू का विहारातलं? सांगितल्याशिवाय ते सही करायचे नाहीत.
"नको."
"का गं?"
"तेवढं एकच मला येतं असं त्यांना वाटतं."
वेणी दोनदा सोडून घालावी लागली.

९ सप्टेंबर
ठरवून पप्पांच्या समोर बसले. ते पेपर वाचत होते. म्हटलं, अहो, एक सांगायचंय. म्हणाले, फॉर्मचं असेल तर नको. म्हटलं, नाही, गॅस संपत आलाय. गॅस परवाच आला आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
आज ज्यांचं वाचन होतं ते गावी गेलेत. गुरुजी म्हणाले, कोण वाचतंय? पप्पा बोललेच, "आमची यशू वाचेल. ऊठ गं."
उठली. पुस्तक घेतलं. पान बघत राहिली. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. "त... थ... तथा..." इतकंच. मागून कोणीतरी म्हणालं, घाबरली पोर.
मग तिनं पुस्तक मिटलं आणि पप्पांकडे बघून सरळ सांगितलं, "पप्पा, हे मला पाठ नाही."
लोक हसले, गंमत वाटली त्यांना. पप्पा हसले नाहीत. उठले, तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि स्वतः वाचलं. आवाज नेहमीचा नव्हता. ती त्यांच्या बाजूला तशीच उभी राहिली, बसली नाही.
घरी येताना पप्पा पुढं, आम्ही दोघी मागं. भोईवाड्याच्या नाक्यावर सिग्नल लागला तरी ते मागं वळले नाहीत. मी यशूचा हात धरला होता. चौदा वर्षांची झाल्यापासून रस्त्यात हात धरू देत नाही. आज दिला.

२३ सप्टेंबर
दोन दिवस घरात नुसता रेडिओ. आज चहाला पप्पा म्हणाले, "किती वेळा वाचून दाखवायचीस?"
"चारदा."
"आणि चारदा ऐकून पान पाठ?"
"हो."
"मागचं पुढचं, सगळं?"
"माझी चूक पण काढते."
बशीतला चहा संपवला. मग, "मला का नाही सांगितलंस?"
म्हटलं, माझं चुकलं. खरंच चुकलं. ती मागच्या वर्षीच अडखळली असती तर आज ही वेळ आली नसती.
"मी ऐकलं असतं का?" म्हणाले. हे त्यांनी मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

२६ सप्टेंबर
ऑफिसला जाण्याआधी पप्पांनी फॉर्म मागितला. तसबिरीमागून काढताना मलाच लाज वाटली. सही केली, पूर्ण नावाची. जादा वेळेच्या चौकटीत खूण केली. लेखनिकाची चौकट कोरी ठेवली. "हे तिनं ठरवायचं. माझ्या हट्टापायी एकदा झालं तेवढं बास."
मी पण सही केली.
यशूचं वेगळंच. "नववीतली सायली माझे पेपर लिहिणार? पूर्ण वर्ग बघत बसेल. मला ढ म्हणतातच, आता मुकी पण म्हणतील."
म्हटलं, मुकी कशी, बोलणार तर तूच आहेस.
"तुला नाही कळणार, आई." नसेल कळत.

२८ सप्टेंबर, रविवार
दुपारी पप्पाच लेखनिक. स्वतःहून बसले, पेनाला टोपण लावून काढून दोनदा बघितलं. यशू गॅलरीत इकडून तिकडे, भूगोल सांगतेय. पप्पा अक्षर सुंदर काढतात म्हणून हळू. "जरा थांब गं, ट्रेन आहे का ही?"
"पप्पा, पेपरात थांबायला वेळ नसतो."
"मग त्या सायलीला सांग हे. मी म्हातारा माणूस."
मग ही म्हणाली, ब्राझीलची राजधानी रिओ दि जानेरो. पप्पांचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ओठ आवळून त्यांनी लिहिलं. असं लिहायला त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक.
दोन फेऱ्यांनी हीच ओरडली, "थांबा, खोडा ते. ब्राझिलिया."
पट्टी लावून खोडलं त्यांनी. शेवटी म्हणाले, "वाचून दाखवू?" ती म्हणाली, "दाखवा." दारात टेकून डोळे मिटून ऐकलं तिनं. म्हणाली, "हो. हे माझं आहे."
लेखनिकाचं विचारलं नाही कुणीच.

३० सप्टेंबर, मंगळवार
आज शेवटची तारीख. काल झोपताना फॉर्म टेबलावर होता, वर पेन्सिल ठेवलेली. चौकट कोरीच.
सकाळी मी वंदनेला बसले होते, ती तयार होऊन गेली पण. सगळी शीलं नीट म्हटली आज.
आता साडेनऊ. टेबलावर तिचा डबा तसाच आहे. पेन्सिल आहे. फॉर्म नाही.
डबा पोचवायला शाळेत जावं म्हणून साडी बदलली. मग बसले. गेले तर चौकटीचं विचारल्याशिवाय राहवणार नाही, आणि मी आल्याचं बघून ती माझ्या तोंडाकडे बघून ठरवेल. शाळा साडेबाराला सुटते. तोवर उपाशी राहील पोर.
राहू दे. भात उशिरा लावते, गरम मिळेल.