आईची प्रार्थना कोणी म्हटली

चामोर्शी
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय माधवीताई,

मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं. आई गेली त्या दुपारी मी तिची प्रार्थना म्हटली आणि ऐकता ऐकता ती शांत झाली, असं लिहिलं होतं. प्रार्थना झाली, आई शांतही झाली. पण म्हणणारी मी नव्हते. शेजारची गुणाबाई होती.

आईची ती प्रार्थना म्हणतच आपण दोघी बोलायला शिकलो. चुलीसमोर बसवून ती एकेक ओळ सांगायची, आपण मागून म्हणायचो. येशूबापा, आमच्या आळीवर हात ठेव; मग घरोघरची नावं, आणि शेवटी गुणाबाईची म्हैस. म्हैस आली की तू हसायचीस, म्हणून तुला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

त्या दुपारी आई म्हणाली, "म्हण." मी तोंड उघडलं नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तिला परत आणलं तेव्हापासून मला देव कुठेच जाणवत नव्हता. मनात काही नसताना प्रार्थना म्हणायची म्हणजे देवाशी खोटं बोलायचं, असं वाटलं. आईने पुन्हा सांगितलं. मी तिचा हात धरून नुसती बसले. गुणाबाई पेज घेऊन आली होती. तिने वाटी खाली ठेवली आणि सुरू केलं. मार्कंड्याच्या महादेवाची जत्रा कधी न चुकवणारी बाई, पण इतकी वर्षं कुडापलीकडून ऐकून तिला सगळं पाठ. म्हशीपाशी आई किंचित हसली. मग डोळे मिटले ते मिटलेच.

नंतर मी विचारलं, तुमचा देव वेगळा, तुम्ही कशी म्हटली? ती माझ्यावरच उखडली. "कोनी पानी मांगतलं त आपल्याले तहान हाय का, पाह्यतो का आपन? लय विचार करते तू पोरी. तुह्या मायले पायजे होतं, मी देलं."

ताई, खरेपणाच्या नादात मी आईला तहानलेलं ठेवलं, आणि वर तुला खोटं लिहिलं.

आता रोज संध्याकाळी मी ती प्रार्थना मोठ्याने म्हणते. अजून काहीच जाणवत नाही. कोणी ऐकतं असंही वाटत नाही, गुणाबाई सोडून. परवा एक नाव गळलं, तर कुडापलीकडून आवाज आला, "चंचलचं राह्यलं नं वो!" तिची लेक बाळंतपणाला आली आहे. मी चंचलचं नाव घेतलं. आता एकही दिवस चुकवायचा धीर होत नाही.

माझ्या त्या पत्रामुळेच तुला पुन्हा गुडघे टेकता आले, असं तू लिहिलंस. वाचून मला जेवण गेलं नाही. तुझा आधार काढून घेते आहे का, हे चार दिवस स्वतःला विचारलं. पण आईला तिची प्रार्थना मिळाली, एवढं खरं आहे. ते तू ठेव.

तुझ्याकडून ऐकून पाळकसाहेबांनी नव्या धानाच्या उपकारस्तुतीत, चर्चमध्ये सगळ्यांपुढे देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला माझं नाव जाहीर केलं. मी उभी राहणार आहे. हे सगळं सांगणार आहे, मला काही जाणवत नाही हेही, आणि तरी मी म्हणते हेही. गुणाबाई येते म्हणाली, फक्त "समोर नको बसवजो." इतरांच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. भद्रावतीहून पहिल्या बसने निघ. रविवार, ३० नोव्हेंबर.

तुझीच,
दिव्यानी