निवडलेली काडतुसं

२ जानेवारी १९८३, रविवार
संकल्पाचा दिवस. ६ मार्चला क्लबाच्या पिस्तूल टीमची निवड आहे. मुलं-मुली मिळून जागा तीन. टीममध्ये आलं की खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी, मग इंटर नापास असलं तरी चालतं. दादाची एप्रिलमध्ये बख्शी का तालाबच्या एअरफोर्स स्टेशनवरून जोरहाटला बदली आहे. तोवर नोकरी लागली नाही तर मला अकोल्याला लक्ष्मीकांतकाकांच्या पिठाच्या गिरणीत जावं लागेल. पण ती वेळ येणार नाही.
आज दहा गोळ्या झाडल्या, टारगेटवर भोकं सात. तीन गोळ्या पोचल्याच नाहीत. हात स्थिर होता, म्हणजे दोष काडतुसांचा. कोच मोहनजींना तसं सांगितलं. त्यांनी आधी शेजारचं टारगेट पाहिलं, मग मला. मग म्हणाले, हाँ भैया, कारतूस ही ख़राब होगा. अनुभवी माणूस.

९ जानेवारी
काडतुसं दोन प्रकारची मिळतात. हिरवा डबा परदेशी, परवडत नाही. लाल डबा स्वस्त, पण भरवसा नाही. तेव्हा स्वस्तातूनच भरवशाची निवडून काढायची. पद्धत ठरवली. प्रत्येक गोळीआधी डब्याकडे वळायचं, एक काडतूस उचलायचं, कानाशी हलवायचं, कड नखाने तपासायची, मगच भरायचं आणि लगेच नेम धरायचा. मी तिसऱ्या लेनमध्ये असतो. डबा उजवीकडे, चौथ्या लेनच्या बाजूला ठेवला. तिकडे उजेड बरा.
भोकं सातच. निवड अजून कडक हवी.

१६ जानेवारी
चौथ्या लेनमध्ये चित्रा असते. युनिव्हर्सिटीत बी.ए. करते. आज मोहनजी मला पहिल्या लेनमध्ये हलवणार होते, तर ती म्हणाली, नहीं सर, इन्हें यहीं रहने दीजिए ना. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माणसाची शिस्त मुलींच्या लक्षात येतेच. स्वभावाने लाजाळू आहे. स्वतःचं टारगेट आलं की घाईने गुंडाळते, मला दाखवत नाही.
माझं टारगेट आलं की मात्र सगळे जमतात. आज भोकं सहा. माणिक म्हणून एक मेंबर आहे, अमीनाबादला त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो ओरडला, चार! मैंने कहा था, चार! मग मोहनजींनी सगळ्यांना चहा पाजला. माझ्या संशोधनात लोक रस घेऊ लागले आहेत.

२३ जानेवारी
नवी कल्पना. झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या आपणच पुन्हा भरायच्या. खर्च वाचेल, दर्जा आपल्या हातात राहील. गेल्या वर्षापासून पिशवीभर जमवल्या आहेत. मोहनजींना विचारलं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारा मसाला कडेतच असतो, कड एकदा चेपली की ती पुंगळी मेली. माणिक म्हणाला, यार, इनकी माला बनवा लो, शादी में काम आएगी. चित्रा खूप हसली. शादी हा शब्द ऐकून लाजली असावी.
घरी वसुधावहिनी म्हणाली, भावजी, निदान पितळ तरी आहे. तिने पिशवी भांडीवालीला देऊन चहाची गाळणी घेतली. विचारायला हवं होतं. चहा मात्र स्वच्छ गाळला जातो.

१३ फेब्रुवारी
भिंग आणलं. आता कान, नख आणि भिंग. एका गोळीला इतका वेळ लागतो की बाकीचे झाडून मोकळे होतात. भोकं पाच. लाल डब्याचा दर्जा झपाट्याने घसरतो आहे.
वहिनी आज दादाबरोबर रेंजवर आली होती. म्हणाली, भावजी, गोळीकडे बघता त्याच्या निम्मं तरी समोर बघा. बायकांना तांत्रिक बाजू कळत नाही.

२७ फेब्रुवारी
निवडीसाठी उत्तमातली उत्तम काडतुसं वेगळी काढली. टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवली आहेत. उरलेली, नापास झालेली, दुसऱ्या डब्यात.
चित्राशी आत्ताच काही बोलायचं नाही. नोकरीचं पत्र हातात पडलं की बोलायचं. लग्नात तिचं नाव बदलायचं नाही, चित्राच राहू द्यायचं. मी आधुनिक विचारांचा आहे.

६ मार्च, संध्याकाळ
पहिल्या फेरीत वेळ कमी होता. निवडता आलं नाही, हाताला लागेल ते भरत गेलो. भोकं दहा, गुण चौऱ्याण्णव. सगळ्यात वर मी. निव्वळ योगायोग. दुसऱ्या फेरीत वेळ होता, एकेक पारखून भरलं. भोकं सात.
चौथ्या लेनच्या टारगेटवर तेरा निघाली. पंचांनी चित्राला विचारलं, यातली तुमची कुठली? ती म्हणाली, सर, मुझे क्या मालूम. मला विचारलं, तुम्ही चारवर झाडलीत का? मी ठामपणे नाही म्हणालो. मागे कोणीतरी खोकला. इथला नियम असा की, कुठली कोणाची ते ठरत नसेल तर सगळ्यात जास्त गुणांचे दहा नेम धरायचे. चित्राला तिसरी जागा मिळाली. मी चौथा.

७ मार्च
दादाला माणिक भेटला होता. दादाने जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. जानेवारीपासून सगळ्या क्लबाला माहीत होतं. माझ्या किती गोळ्या शेजारी चित्राच्या टारगेटवर जाणार यावर दर रविवारी चहाची पैज लागायची. मोहनजी दोनदा हरले. वहिनीने मला न विचारता आमटी वाढली.

९ मार्च
क्लबात जाऊन चित्राचं टारगेट पाहिलं. बोर्डावर लावलंय. मधोमध तीन भोकं, एकमेकांना चिकटून. तीनही दहा गुणांची. तिचे बाकीचे नेम कडेला विखुरलेले आहेत.
म्हणजे काडतुसांची निवड अचूक होती. हे नोंदवून ठेवतो. दुसरं कोणी नोंदवणार नाही.

२७ मार्च
काकांचं पत्र आलं. गिरणीवर माणूस हवाच आहे, ये. उद्या चारबाग स्टेशनवरून गाडी.
लॉकर रिकामं करायला क्लबात गेलो. चित्रा आली. म्हणाली, सुना है आप जा रहे हैं, बचे हुए कारतूस मुझे दे दीजिए न. दोन्ही डबे तिच्यापुढे ठेवले. कुठली निवडलेली आणि कुठली नापास ते समजावून सांगितलं. कान, नख, भिंग, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, भैया, कोई भी चलेगा, सब एक-से तो हैं.
तरी निवडलेलीच तिच्या हातात दिली. तिने कापूस काढून टाकला आणि ती नापासांच्या डब्यात ओतली.