ती गोळी पित्ताची नाही

सूनबाई,

माझ्या गोळीला आता हात लावू नकोस. खलबत्ता मीच घासून ठेवलाय.

ती गोळी पित्ताची नाही, प्रोस्टेटची आहे. लघवी अडते हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. आज औषधवाला म्हणाला, "काका, घरात कुणी गरोदर असेल तर या गोळीचा चुरा तिच्या हाताला लागू देऊ नका, पोटातल्या बाळाला धोका असतो." तुला तर दिवस गेलेत. मला गिळवत नाही म्हणून तीन आठवडे तूच रोज कुटून देतेयस.

पाकीट घेऊन तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे निघालोय. त्यांना सगळं खरं सांगतो. कामावरून आलीस की हात धू आणि लगेच तिकडे ये. रागाव, वाटेल ते बोल, पण ये.

— बाबा