साडेसातचा फोन

आई,

तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि या अठरा वर्षांत मी तुला काही विचारलं नाही. होतीस तेव्हाही विचारत नव्हते म्हणा. आज रविवार आहे, दुपारचे दोन वाजलेत. मार्च लागला तरी इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीत, घराबाहेर गुडघाभर बर्फ आहे. नवरा लेकीला घेऊन तिच्या पोहण्याच्या स्पर्धेला गेलाय आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून बसलेय. तर विषय असा, की नोकरीसाठी इंग्लंडमधल्या एका गावी जायचं की नाही हे मला उद्यापर्यंत सांगायचंय. गाव लहान आहे, लंडनहून रेल्वेने दोन तास, आणि तिथे मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नाही. हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासायचं काम मी बारा वर्षं करतेय, ते आमचं अख्खं डिपार्टमेंट कंपनी तिकडे हलवतेय. येत असाल तर दोन वर्षं तिकडे, नाहीतर राम राम. इथे नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाही मिळाली तर नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसायचं. त्याने मित्राला सांगून दहा मिनिटांवरच्या एका कंपनीत माझा इंटरव्ह्यू ठरवला होता, तोही शुक्रवारी कॅन्सल झाला. तो आणि लेक माझ्याबरोबर येणार नाहीत, कारण ग्रीन कार्डच्या रांगेत त्याचा नंबर आहे आणि चौदा वर्षं उभं राहिल्यावर रांग कोण सोडतं. म्हणजे गेले तर मी एकटी. आणि लेक दहावीत आहे. हसू नकोस.

इथे दहावीचं कुणाला काही नसतं. क्लास नाही, सराव परीक्षा नाही, नातेवाईक पेढ्यांसाठी टपलेले नाहीत. मागच्या आठवड्यात जेवताना मी तिला सांगितलं, असं असं आहे, अजून नक्की नाही, पण कदाचित मला जावं लागेल. तिने भातावर वरण घेतलं, कालवलं आणि म्हणाली, "इट्स फाइन, आई. यू शुड गो. वी विल बी ओके." मग म्हणाली, "कॅन आय हॅव द कार देन?" सोळा पूर्ण झाली की तिला लायसन्स मिळेल. नवरा हसला, मीही हसले. मग सिंकपाशी उभी राहून मी ती एकच कढई पाच मिनिटं घासत होते. रोज पहाटे साडेपाचला मी तिला पोहायला सोडते. दहा मिनिटांचा ड्राइव्ह, तिच्या कानात ते गाण्यांचं बोंडुक, एक शब्द बोलत नाही. तरी ती दहा मिनिटं माझी असतात. मी जाणार म्हटल्यावर ती मिनिटं तिने सरळ गाडीच्या किल्लीत बदलून मागितली.

मी काय केलं होतं ते तुला मी सांगायला नको. तुला सुपरवायझर करून चंद्रपूरला पाठवलं तेव्हा मी नुकतीच दहावीत गेले होते. अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौदा वर्षं तू ट्रंक कॉल लावत होतीस, कानावर हेडसेट घालून घालून तुझे एका बाजूचे केस कायमचे चपटे झाले होते, आणि तुझ्या बरोबरीच्या सगळ्या जणींत ती जागा तुला मिळाली होती. बाबा शाळेतून येताना पाव किलो कलाकंद घेऊन आले. मी तो खाल्ला नाही. "जायचं तर जा, मला काय," एवढंच मी म्हणाले, आणि तू जाईपर्यंत दुसरं काही बोलले नाही. तू म्हणालीस, "ऐकून तर घे माय आधी." मी ऐकून घेतलं नाही. मला पहाटे पाचला अभ्यासाला तूच उठवायचीस, म्हणून तू जाताना माझ्यासाठी गजराचं घड्याळ आणलंस, हिरवं, वर दोन घंट्या असलेलं. आता मला घड्याळ उठवणार का, म्हणून मी ते टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलं. ते तिथून पाचला वाजलंच. बाबा अंधारात चाचपडत आले, त्यांनी ते बंद केलं आणि मला उठवलं. पुढे सहा महिने ते कपाटातच वाजत होतं आणि बाबाच उठत होते.

टेलिफोन खात्यातली बाई आणि घरात फोन नाही, यावरून सगळी गल्ली तुला चिडवायची. आपला नंबर वेटिंगवर होता. म्हणून तू रोज संध्याकाळी साडेसातला शेजारच्या काकूंकडे फोन करायचीस. काकू रिसीव्हर टेबलावर काढून ठेवायच्या आणि कुंपणाशी येऊन मला हाक मारायच्या, "आईचा फोन आहे गं." मी खिडकीतून सांगायचे, "अभ्यास चाललाय, बाबा येतायत." बाबा हात धुऊन, शर्ट चढवून निघेपर्यंत पाचेक मिनिटं जायची. पण मी अभ्यास करत नसायचे. काकू परत स्वयंपाकघरात गेल्या की मी मागच्या दाराने त्यांच्या बैठकीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहायचे. टेबलावर रिसीव्हर उताणा पडलेला असायचा. मी त्याच्याकडे बघत राहायचे. बाबांच्या चपला वाजल्या की आल्या वाटेने पळायचे. सहा महिन्यांत एकदाही मी तो उचलला नाही. तुला शिक्षा द्यायची होती, दुसरं काय. आवाजावर जगणाऱ्या बाईला आवाजच द्यायचा नाही, एवढी अक्कल मला त्या वयात होती.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला बळंच चंद्रपूरला नेलं. तुझी ती भाड्याची खोली मला अजून दिसते. एक स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट, खिडकीत धुऊन पालथा घातलेला एकच कप. बाबा ते बघून बाजारातून आणखी दोन कप घेऊन आले. मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तू आम्हाला एक्स्चेंज दाखवायला नेलंस. ओळीने बोर्ड, त्यांच्यासमोर दहा-बारा बायका, आणि तू त्यांच्या मागून फिरतेयस, केसांत पेन्सिल खोचलेली. कुणी तरी "मॅडम, वर्ध्याची लाइन मिळत नाही" म्हणतंय, तू वाकून तिच्या खांद्यावरून कॉर्ड काढून दुसरीकडे लावतेस, "लागली बघ" म्हणतेस आणि पुढे जातेस. तू गुणगुणत होतीस, आई. घरी तुला कधी गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. तू दुःखी असतीस, माझ्या आठवणीने वाळली असतीस, तर मी कदाचित त्या साडेसातच्या फोनवर आले असते. तू खूश होतीस, आणि तेच मला सहन झालं नाही. परत निघताना स्टेशनवर तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, मी मान काढून घेतली.

जानेवारीत तू परत आलीस. रिव्हर्शन मागून घेतलंस, म्हणजे मिळालेली जागा आपल्या हाताने परत करून खालच्या जागेवर आलीस. मला कुणी काही सांगितलं नाही, पण मला कळत होतं, आणि मी जिंकले असं मला वाटलं. चांगले मार्क पडले. चार-दोन वर्षांत सगळीकडे थेट फोन लागू लागले, बोर्ड निघाले, आणि रिटायर होईपर्यंत तू चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना बिलं का वाढली ते समजावत राहिलीस. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. काढला असतास तर बरं झालं असतं. भांडलो असतो, मोकळ्या झालो असतो.

तू गेलीस तेव्हा मी मागून पोहोचले. विमान चुकलं, सगळं आटोपलेलं होतं. तेराव्याला चंद्रपूरच्या एक मावशी आल्या होत्या, तुझ्या हाताखाली काम केलेल्या. जेवताना माझ्याशेजारी बसल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझी आई साडेसातला स्वतः बोर्डावर बसायची. सुपरवायझरला बसायचं काही कारण नाही, पण ती लाइन दुसरीला लावू द्यायची नाही. लाइन लागली की हेडसेट कानाशी दाबून डोळे मिटायची. आम्ही म्हणायचो, बाई, कुणी बोलत तर नाही, कापा ना लाइन. तर म्हणायची, थांबा, पोरगी आली आहे, पडद्यामागे उभी आहे." त्यांनी पुढे आमटी वाढून घेतली. तुला श्वास ऐकू येत होता की पडद्याच्या कड्या, कोण जाणे. तुला माहीत होतं, आणि तरी तू मला कधी हाक मारली नाहीस. का नाही मारलीस? एकदा जरी माझं नाव घेतलं असतंस तरी मी आले असते.

आता त्या गावाचं सांगते. नकाशावर त्याचे रस्ते बघून झाले, विटांची घरं, एक कालवा, बटाटे तळणाऱ्याचं दुकान. त्यातून काही कळेना. मग तुझी पद्धत आठवली. तू न पाहिलेली गावं ऑपरेटरच्या आवाजावरून जोखायचीस. जिथली बाई "थांबा हं" म्हणते ते गाव बरं, जिथली खटकन् निघून जाते तिथे पाण्याचीही आशा धरू नये, असं म्हणायचीस. बुधवारी लेकीला पोहायला सोडलं आणि शाळेच्या पार्किंगमध्ये हीटर लावून बसले. इथे अजून अंधार होता, तिथे दुपार होत आलेली. त्या गावच्या लायब्ररीला फोन लावला. म्हटलं, मी कदाचित तुमच्याकडे राहायला येईन, मेंबर व्हायला काय लागतं? पलीकडे एक वयस्कर बाई होती. तिला कसली घाई नव्हती. तिने सगळं सांगितलं, मग कुठून बोलताय विचारलं, आणि मिनेसोटा म्हटल्यावर तिकडच्या बायका कुणालाही म्हणतात तसं लाडाने म्हणाली, "ओ लव्ह, इथे पाऊस असतो, पण तेवढी थंडी नसते. या तुम्ही." फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की मी गाडीत एकटीच गुणगुणतेय.

मला भीती वाटते, आई. लेक फोन उचलणार नाही याची नाही. ती उचलेल. दोन मिनिटं "ऑल गुड" म्हणेल, मेसेजला अंगठा पाठवेल, आणि खरंच सगळं ठीक असेल. तुला निदान रुसून बसणारी मुलगी होती. आणि समजा हीसुद्धा कुठल्या तरी दारामागे उभी राहिली, तर ते मला कसं कळणार? आजकालच्या फोनमध्ये, समोरच्याने उचलल्याशिवाय, पलीकडचं काही ऐकू येत नाही.

हे कुठे पाठवणार, ओट्याच्या खालच्या खणात मिक्सरच्या माहितीपत्रकाखाली ठेवून देईन. ते दोघं आता येतीलच, गॅरेजचं दार वाजेल. तुला विचारते म्हटलं, पण विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. मी शुक्रवारीच हो कळवून टाकलं. तो दहा मिनिटांवरचा इंटरव्ह्यू आहे ना, तो मी स्वतः फोन करून कॅन्सल केला. घरी सांगितलंय, त्या कंपनीनेच केला.