तिसरा हात

१० नोव्हेंबर १९७४, इस्लामपूर
कुंडलचे हवालदार गाडी बघून गेले. पलटणीतून निवृत्त, उसाची जमीन, माघात मुलीचं लग्न. इंजिन ऐकलं, खाली वाकून पाहिलं, मान डोलावली. मग बॉनेटवरचा एक पोपडा नखानं काढला. "बाई, गाडी लय नामी हाय. पर ही खरजुली घिऊन वरातीत कुटं हिंडू? भावकी हसंल. रंग करून द्या, नेतो."
कराडच्या गॅरेजात विचारलं होतं, परवडणार नाही. मीच करणार.
आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांचं मिरजेतलं ऑपरेशन या गाडीवर अडलं आहे. त्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. हे गेल्यापासून गाडी मी चालवते. पेट्रोल असं भडकल्यावर ती छपरातच.

१२ नोव्हें.
रंगाच्या दुकानात. दुकानदार : "लांबी किती देऊ?" मी : "कशाची लांबी?" "आवं बाई, लांबी म्हंजी खड्डं भरायचा मसाला." दोन गिऱ्हाइकं हसली. मी त्यांच्याकडे पाहिलं. थांबली.
लांबी, पॉलिश पेपर, राखाडी अस्तर, सायीच्या रंगाचा डबा. फवारायला घरचाच डासांचा फ्लिटपंप, रॉकेलनं धुऊन ठेवला.

१४ नोव्हें.
दिवसभर घासणं. पोपडे सुरीनं, गंज पेपरनं, पत्रा चकाकेपर्यंत. दारं, मडगार्ड सोपे. बॉनेटची उजवी बाजू सगळ्यात वाईट. पाणी टाकलं आणि पोपड्यांचा आकार दिसला. हात. पाच बोटं, करंगळी बाहेर वाकलेली.
दर दसऱ्याला आत्याबाई तेलात कुंकू कालवून हात उठवतात, नेमक्या त्याच जागी. गेल्या महिन्यातही उठवला, दिसत नसताना, चाचपून. करंगळी तरुणपणी मोटेच्या दोरात सापडलेली.
तेलावर रंग धरत नाही. सरळ आहे. पण इतक्या वर्षांत जागा बोटभरही ढळलेली नाही, हे...
ओसरीवरून आवाज : "काय खरवडतीस गं?"
"रंग."
"माजा हात ऱ्हाऊ दे."
"नाही राहणार. गिऱ्हाइकाला चालणार नाही."
"बरं." मी पुन्हा पेपर उचलला.

१७ नोव्हें.
सोड्याच्या पाण्यानं बॉनेट दोनदा धुतलं. लांबी भरली, सुकवली, पुन्हा घासली. काल अस्तर. आज रंगाचा पहिला हात. फ्लिटपंपाला तोड नाही; रंग पातळ हवा, पंप लांब धरायचा, एका जागी थांबायचं नाही. बॉनेट थेट दुधावरच्या सायीसारखं. स्वतःवर खूश.

१८ नोव्हें.
सकाळी बॉनेटवर गुलाबी डाग. अस्तर राखाडी, रंग साय. लाल कुठून येणार? आकार अजून नीट नाही. बघायचंही नाही.

२१ नोव्हें.
काल दुसरा हात दिला. आज सकाळी तो स्पष्ट वर आला. तळवा, पाच बोटं, वाकडी करंगळी.
सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं रसायनशास्त्र शिकले आहे. बाजारच्या कुंकवातला रंग टर्पेंटाइनमध्ये विरघळतो आणि ओल्या रंगातून वर चढतो. कारण पुरेसं आहे, त्यात काही उरत नाही. तरी खाली पाहिलं तर मी चपला काढून उभी होते. कधी काढल्या, कळलं नाही.
दुपारी आत्याबाईंना हाताला धरून आणलं. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बॉनेट चाचपलं आणि हात थेट त्याच जागी ठेवला. छाप हातापेक्षा मोठी भरली. हात केवढा वाळला आहे. रोज जेवायला वाढते, कधी दिसलं नव्हतं.
"आला का वर?" म्हणाल्या.
"आला."
"मी काय केलं न्हाई हां."
खूप दिवसांनी दोघी हसलो.

२४ नोव्हें.
हवालदार आले. मी सरळ सांगितलं, तिसरा हात देते, बहुधा झाकेल.
ते वाकून बघत राहिले. टोपी काढली. "कुनाचा हात ह्यो?" सांगितलं.
"मग ह्याच्यावर हात मारायचा न्हाई, बाई."
"भावकी हसेल ना?"
"हसंना का. हसनाऱ्याला म्होरं बसवतो. पर आजीला इचारल्याबिगर न्हेनार न्हाई."
आत जाऊन जमिनीवर बसले. "आजी, गाडी न्हिऊ का?"
"मी बगितल्याबिगर द्यायची न्हाई."
"आवं, तुमाला दिसतंय कुटं?"
"म्हनूनच. आदी डोळं, मग गाडी."
मी कपाळावर हात मारला. गाडी गेल्याशिवाय डोळे नाहीत, डोळे आल्याशिवाय गाडी नाही. हवालदारांनी मिशी ओढली. मग इसार ठेवला, मिरजेला पुरेल एवढा. म्हणाले, माघापतूर थांबतो.
दारात मी हळूच विचारलं, "आणि नाहीच दिसलं तर?"
"मग तुमी म्हनशीला तसं."
मी काय म्हणेन, मलाच माहीत नाही.

३ डिसें., मिरज
ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आत्याबाई एका जागी गप्प, हे प्रथमच. नजर किती येईल, डॉक्टर बोलत नाहीत. वय फार, उशीर फार. उशीर माझ्यामुळे नाही असं म्हणता येईल, पण लिहीत नाही.

१० डिसें.
उद्या पट्टी काढणार. संध्याकाळी गाडी त्यांच्या खिडकीखाली आणली, तोंड खिडकीकडे करून. बॉनेट कोरड्या फडक्यानं पुसलं. गुलाबी आणखी चढला आहे. तिसऱ्या हाताचा रंग डिकीत, डबा फोडलेला नाही.
हवालदार कुंडलहून एस.टी.नं आलेत. किल्ली पुढे केली तर हात मागे घेतला. व्हरांड्यात घोंगडी टाकून बसलेत, कुणी उठवलं तर ऐकत नाहीत.
मी आत गेले. आत्याबाईंनी चाचपून माझा हात धरला.
"गाडी आनलीस?"
"आणली. खिडकीखाली आहे."
"माजा हात लाल हाय का गुलाबी?"
"उद्या तुम्हीच सांगा," म्हटलं.