मामांच्या हाताची चूक

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात घातला.) येत्या सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. डोळ्यांची हेळसांड बरी नव्हे. तारीख अजिबात पुढे ढकलू नका.

इकडे आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच्या बिलियर्ड्सची स्पर्धा चालू आहे. आपण खेळायचं नाही. कुठला फटका मारायचा ते आपण बनवलेल्या एआयने ठरवायचं. जिंकेल त्याला नोकरीत कायम करणार. (मी सहा वर्षं तात्पुरता आहे, म्हणून सासरेबुवा माझी ओळख 'सध्याचे जावई' अशी करून देतात.) आता यंत्राचा नेम चुकतच नाही, म्हणून साहेबांनी नियम काढला, की सगळ्यांच्या प्रत्येक फटक्यात एकाच खऱ्या माणसाच्या हाताची चूक मिसळायची. कोणाच्या? मी छाती फुगवून तुमचं नाव सांगितलं, कारण तुमच्या नेमाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. तुमची चूक मोजायला तुम्ही येऊन ऑफिसातल्या खऱ्या टेबलावर दोनशे फटके मारलेत. अकरा चेंडू पॉकेटात गेले. (एक साहेबांच्या चहात गेला, तो धरला नाही.)

माझं एआय फटक्याआधी तोच फटका तुमच्या हाताने हजार वेळा मनात मारून बघतं. पहिल्या सामन्यात त्याने पंधरा मिनिटं विचार केला आणि डाव सोडून दिला. मला रडू यायचं बाकी होतं. मग आकडे चाळताना दिसलं, की तुमचा चेंडू दर वेळी दोन बोटं डावीकडे जातो, अगदी इमानेइतबारे. मी एआयला सांगितलं, मामा डावीकडे जाणार हे धरूनच चाल. तेव्हापासून आम्ही हरलेलो नाही. बाकीच्यांची यंत्रं अजून सरळ नेम धरतात आणि तोंडावर पडतात. आता फक्त अंतिम सामना उरलाय. मामा, उभ्या जन्मात मी कोणावर एवढा विसंबलो नव्हतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. अंतिम सामन्याआधी, महिनाअखेरीस, तुमचा हात पुन्हा मोजणार आहेत. तुम्हाला स्वच्छ दिसू लागलं आणि चेंडू सरळ गेला तर माझा निकाल लागला. तेवढं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करा. मोतीबिंदू कुठे पळून जात नाही.

आणखी एक ता. क. मामी, मामांना अक्षर दिसत नाही म्हणजे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, हे आत्ता ध्यानात आलं. ऑपरेशनची तारीखही तुम्हीच पाच महिने खेटे घालून मिळवलीत, हेही. तेव्हा वरचा ता. क. मी लिहिलाच नाही. 'अकरा' आहे तिथे 'एकशे अकरा' वाचा, आणि 'डावीकडे' हा शब्द कुठेही आला तरी गाळा. कळलं तर मामा नेम सुधारतील. एव्हाना वाचून झालं असेल तर तसं कळवा. जावई 'सध्याचे'च राहणार, हे सासरेबुवांच्या कानावर घालावं लागेल.