मागूर म्हणजे मागूर

१२ जुलै १९९९
गावचं तळं वर्षभर माझ्याकडे. सोमाकाका पंचांसमोर म्हणाले, शिमग्याला भरपूर मासा दाखव गणू, तळं कायम तुझं. भटकणं बंद. आता फक्त मत्स्यव्यवसाय.

१५ जुलै
पाण्याच्या पिशवीतून रोहूचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, आणलं. येताना आंबेनळी घाटात ट्रक पलटी झालेला. एसटीतून उतरून बघत बसलो. तीन तास. पिशवीतलं अर्धं बी मेलं. पुढच्या गाडीत वासाने शेजारचा उठून गेला. चूक ट्रकवाल्याची. भरपाई म्हणून महाडच्या नाक्यावर एकाकडून मागूरची, म्हणजे मिशावाल्या माशाची, पिल्लं घेतली. मागूर तर आपल्या भाताच्या खाचरात असतोच. मागूर म्हणजे मागूर.

४ सप्टेंबर
मागूर वीतभर झाले. भूक भयंकर. जुल्फिकारभाईच्या चिकनच्या दुकानातून बादलीभर आतडी आणतो. शी. हाताचा वास साबणाने जात नाही. भाई म्हणाला, मासा पाळतोस का वाघ?

३ ऑक्टोबर
ना बेडूक, ना झिंगे. तळ्याला शिस्त लागली. सोनाबाई धुणं घेऊन आली आणि सुरू झाली. म्हणे डास किती वाढले रे, अळ्या खाणारी बारकी मासळी तुझ्या मिशाळांनी गिळली. तिला काय कळतं.

१८ डिसेंबर
बगळे येईनासे झाले. चोर गेले, रोहू सुरक्षित. दिसत नाहीत, पण मोठा मासा खोलातच राहतो.

२० मार्च २०००
जाळं ओढलं. सगळं गाव काठावर. रोहू शून्य. नुसते मागूर. काळे, बुळबुळीत, एकमेकांच्या शेपट्या कुरतडलेले. सोमाकाका म्हणाले, ह्यो आपला मागूर नाय रे, थायलंडचा हाय. तळ्यातलं समदं खाल्लान, आता भावाला खातोय. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. म्हणाले, तू इचारलंस कवा?
फुकटसुद्धा कोणी घेईना. आतड्यांची बादली सगळ्यांनी पाहिलेली.

२२ मार्च
पंचांचा निर्णय. पावसात तळं भरलं की हे खाचरांत आणि तिथून सावित्री नदीत जाणार. म्हणून शेवटचा मागूर निघेपर्यंत तळं माझं. तोवर गाव सोडायचं नाही. सकाळपासून कमरेएवढ्या चिखलात. चार सापडले. तळाशी किती आहेत, देव जाणे.
म्हणजे तळं मिळालं. कायमच म्हणायचं.
दुपारी जेवायला मागूर. आईने वेगळ्या टोपात शिजवला, वाढला आणि स्वतः ओटीवर जाऊन बसली.